मेणाची पालवी

मेणाचं पान करायचं तर आधी खरं पान हवं. ते ताजं असतानाच प्लास्टरमध्ये दाबायचं, साचा सुकला की सोलून टाकून द्यायचं, आणि मग साच्यात विरळ कापूस अंथरून वर वितळलेलं मेण ओतायचं. मधल्या शिरेत तार घालायची आणि गार झालं की रंग चढवायचा. संग्रहालयाच्या तळमजल्यावरच्या खोलीत हे काम धाकटी करायची, आणि इतकं सुरेख करायची की एकदा खिडकीतून आत आलेली एक अळी अर्धा दिवस तिच्या पानावर बसून राहिली होती. हा किस्सा त्या खोलीत इतक्या वेळा सांगून झाला होता की थोरलीला आता त्या अळीचाही राग यायचा.

थोरली आणि धाकटी सख्ख्या बहिणी. साहेबांपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना थोरल्या बाई आणि धाकट्या बाई असंच म्हणत. थोरली भिंती रंगवायची. संग्रहालयात काचेमागे जे देखावे असतात, त्यांच्या पुढच्या भागात माती, दगड, मेणाची झाडं आणि पेंढा भरलेले प्राणी असतात, आणि मागे एक वळलेली भिंत असते. ती वळलेलीच लागते, कारण कोपरा दिसला की रान संपतं. जमीन संपून भिंत जिथे सुरू होते त्या जागेला खोलीत शिवण म्हणत. शिवण दिसली तर देखावा फसला. थोरलीच्या देखाव्यांत शिवण शोधायला साहेब स्वतः गुडघे टेकून बसत आणि कपडे झटकत रिकाम्या हाताने उठत.

तिने वाळवंट केलं होतं, गवताळ माळ केला होता, बर्फही केलं होतं. आता सगळ्यांत मोठं काम चाललं होतं: बारमाही पावसाचं सदाहरित रान. भिंतीवर तिने झाडांचे तीन थर चढवले होते. खालचा अंधारा, जिथे उजेड नाण्यांसारखा पडतो, मधला वेलींचा, आणि सगळ्यांत वर, ढगात डोकं घातलेले महावृक्ष. डावीकडे ओहोळ, उजवीकडे उडत चाललेला धनेश पक्षी, आणि त्याच्यामागे नुसतं धुकं. त्या धुक्यावर तिने जितका जीव ओतला होता तितका दुसऱ्या कशावरच नाही. धुकं रंगवायचं म्हणजे काहीच न रंगवता रंगवायचं, आणि ते भल्याभल्यांना जमत नाही.

धाकटीला इथे आणलं होतं तेही थोरलीनेच. तिचा संसार मोडला, ती माहेरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसायला लागली, तेव्हा थोरली म्हणाली होती, "चल माझ्याबरोबर. पानं तरी कर." आपल्या हातानेच पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच, पण त्या वेळी त्यात पुण्य दिसलं होतं.

घरी दोघी आणि आई. आईची नजर गेलेली होती, त्यामुळे ती जग बोटांनी बघायची. धाकटी एखादं पान घरी न्यायची, आईच्या ओंजळीत ठेवायची. आई शिरांवरून बोट फिरवायची, पानाच्या टोकाला लांबलेली निमुळती शेपटी चाचपायची आणि विचारायची, "ही कशाला गं?"

"पाणी ओघळून जायला. तिथे इतका पाऊस असतो की पान सतत ओलं राहिलं तर त्याच्यावर शेवाळं धरतं."

"अगदी जिवंत आहे हो," आई म्हणायची, आणि थोरली दुसऱ्या खोलीत जाऊन उगाच कपाट आवरायला घ्यायची. भिंत काही आईच्या मांडीवर आणून ठेवता येत नव्हती.

तसं तिला फार काही नको होतं. काचेपुढे येणाऱ्या माणसाने एकदा तरी आधी भिंत बघावी आणि मग पानं. आणि दुसरं, जे ती स्वतःशीसुद्धा मोठ्याने म्हणत नसे: धाकटीने एकदा म्हणावं, ताई, सुंदर झालीय. धाकटीने कधी म्हटलं नव्हतं. तिच्या मनात काही वाकडं होतं असंही नाही. ताईचं काम चांगलंच असायचं, जसं सकाळी उजाडतंच. त्याचं कौतुक कोण करतं?

देखाव्याच्या मधोमध जे झाड होतं त्याला खोलीत सगळे मिठीवाला म्हणत. वडाच्या कुळातलं झाड ते. असल्या रानात पक्षी त्याचं बी एखाद्या उंच झाडाच्या बेचक्यात टाकून जातात. तिथे रोप धरतं, खाली मुळं सोडतं, आणि मुळं जमिनीला टेकली की मूळ झाडाला चहूबाजूंनी वेढायला लागतं. आतलं झाड हळूहळू मरतं, कुजून जातं. उरते ती मुळांची जाळी, उभीच्या उभी, आतून पोकळ. धाकटीने ती जाळी तारा, कापड आणि मेणातून उभी केली होती. देखाव्यात शिरायचं दार त्या पोकळीत होतं. मागच्या बोळातली फळी उघडायची, वाकून खोडात शिरायचं, दोन मुळांमधून अंग चोरून बाहेर पडायचं, की तुम्ही रानात.

प्राणी करणारे होते भुसेवाले काका. भुसा भरायचे दिवस कधीच गेले, पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्यांनी धनेशाची जोडी केली होती. नर फांदीवर, आणि मादी झाडाच्या ढोलीत, लिंपलेल्या तोंडातून नुसती चोच बाहेर.

"मादी आत बसते आणि दार लिंपून घेते," काका ओल्या मातीचे हात पुसत म्हणाले. "एक फट ठेवते तेवढी. नर बाहेरून फळं भरवतो. पिल्लं होईपर्यंत बाहेर यायचं नाव नाही."

"आणि नर परत आलाच नाही तर?" थोरलीने विचारलं.

"मग फोडते म्हणे कधीकधी दार," काका म्हणाले. जरा वेळाने ते पुन्हा म्हणाले, "कधीकधी नाही फोडत."

देखावा जवळजवळ पुरा झाला तेव्हा साहेबांनी काही पाहुणे आणले. सगळे काचेला नाक लावून उभे राहिले. एक बाई म्हणाल्या, पानांवरची किड्यांनी खाल्लेली भोकंसुद्धा किती खरी आहेत. एकाने विचारलं, यांना रोज पाणी घालता का? साहेब हसले, धाकटीला पुढे बोलावलं, तिची ओळख करून दिली. ती लाजून ओढणीचं टोक पिळत उभी राहिली. थोरली खांबाशी उभी होती. तिची कुणी ओळख करून दिली नाही, कारण तिथे तिचं काही आहे हेच कुणाला दिसलं नव्हतं. इतकी चांगली भिंत होती ती.

त्या दिवशी तिच्या मनात जे पेटलं ते घरी जाईपर्यंत विझलं नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही.

त्या खोलीचा एक नियम होता, आणि धाकटीला तो थोरलीनेच शिकवला होता. देखाव्यात जिवंत काही जाऊ द्यायचं नाही. फांदी असो, साल असो, मूठभर माती असो, आधी फ्रीजरमध्ये काही आठवडे. एक किडा आत गेला, त्याने अंडी घातली, की पिसं झडायला लागतात, कातडी कुरतडली जाते आणि काच लावून झालेली असते. थोरलीच्या टेबलावर पाण्याच्या पेल्यात मिठीवाल्याच्या जातीची एक खरी डहाळी होती. शेजारच्या बागेतल्या काचघरातून तिने ती रंग बघायला आणली होती. पेल्यात तिला पांढरी मुळं फुटली होती आणि पानांच्या पाठीला किड्यांच्या अंड्यांचे बारीक ठिपके चिकटले होते.

संग्रहालयाला सुट्टी होती. धाकटी आईला घेऊन दवाखान्यात गेली होती. भर दुपारी थोरलीने ती डहाळी उचलली, बोळातली फळी उघडली, आणि मुळांच्या जाळीवर वर जिथे बेचकं होतं तिथे खोचून दिली. मनात हिशेब सरळ होता. काकांचे धनेश झडतील, साहेब विचारतील, झाडांचं काम कुणाकडे? उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

हात खाली घेताना तिची बोटं एका मेणाच्या पानाला लागली. पान कोमट होतं. दिव्यांची धग असेल, असं ती मनाशी म्हणाली. दिवे बंद होते हे तिला बाहेर आल्यावर लक्षात आलं.

बरेच दिवस काही झालं नाही. धनेश तसेच तुकतुकीत राहिले. एकदा तिने आत जाऊन पाहिलं तर बेचक्यात डहाळी नव्हती. गळून पडली म्हणावं तर खालीही नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तिने कुणाला विचारलं नाही.

मग पालवी आली.

असल्या रानात कोवळी पानं हिरवी नसतात. ती तांबूस निघतात, कधी गुलाबी, आणि ताठ उभी राहण्याऐवजी माना टाकून लोंबत राहतात, आजाऱ्यासारखी. मिठीवाल्याच्या एका फांदीच्या टोकाला तशी चार-दोन पानं लोंबत होती. थोरलीने भिंग लावून पाहिलं. धाकटीच्या हातची तार, तिच्यावर धाकटीच्या हातचं मेण, आणि त्या मेणातून निघालेलं पान. मधे सांधा नव्हता.

"ही कुणाची कल्पना?" साहेबांनी काचेपुढे उभं राहून विचारलं. "एवढ्या हिरव्यात हा तांबडा. वा."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला. फळीची किल्ली दोघींकडेच असायची, आणि तिने तर ती पानं केली नव्हती. "ताईची," ती म्हणाली.

थोरलीने नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण साहेब तिच्याकडे वळले होते, काका मान डोलावत होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या काचेपुढे उभं राहून कुणी तिच्याकडे बघत होतं. तिने तोंड मिटलं.

संध्याकाळी घरी धाकटीने मागून येऊन तिच्या गळ्यात हात टाकले. "मला न सांगता केलीस? मी नसताना?"

"तुझ्या झाडाला शोभेल म्हणून," थोरली म्हणाली.

"थोरलीने पान केलं?" आई खाटेवरून म्हणाली. "मग मला नाही दाखवलंस ते. आण ना एखादं."

आईने तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी थोरली कात्री घेऊन खोडात शिरली. पान कापलं तशी देठातून पांढरा चीक आला आणि तिच्या अंगठ्यावर ओघळला. तो धुऊन निघेना. दिवसभर बोटं एकमेकांना चिकटत राहिली. तिने पान ओल्या फडक्यात गुंडाळून घरी नेलं आणि आईच्या ओंजळीत ठेवलं.

आईने शिरांवरून बोट फिरवलं, टोक चाचपलं. पुन्हा एकदा फिरवलं. मग पान हळूच बाजूला ठेवलं.

"बरं झालंय," आई म्हणाली. "पण धाकटीसारखं नाही जमलं गं. यात जीव नाही."

थोरलीने पान उचललं, चुरगळलं आणि कचऱ्यात टाकलं.

नंतर ते वाढतच गेलं. वेलींना नवे आळोखेपिळोखे आले. मुळांच्या जाळीतल्या फटी बारीक झाल्या. फांदीवरची काही मेणाची पानं एकमेकांना पांढऱ्या धाग्याने शिवली जाऊन त्यांचा गोळा झाला, असल्या रानात तांबड्या मुंग्या घरटी शिवतात तसा. एकही मुंगी कुणाला दिसली नाही. सकाळी काचेवर वाफ धरलेली असायची आणि पुसणारा पहारेकरी बडबडायचा की ही पुसली जात नाही, आतून आहे. काकांनी एक दिवस विचारलं, "माझी मादी कुणी हलवली का? चोच आत गेलीय." त्यानंतर बरेच दिवस ते देखाव्याकडे फिरकले नाहीत.

प्रत्येक वेळी साहेब थोरलीचं अभिनंदन करत, आणि ती मान लववून ते घेत असे. पण भिंतीवर काही होत नव्हतं. ती रोज तपासायची. एक नवी काडी नाही, एक ठिपका नाही. जे काही उगवायचं ते धाकटीच्या तारेवर, धाकटीच्या मेणावर. डहाळी आणली थोरलीने, खोचली थोरलीने, आणि रानालासुद्धा धाकटीच आवडली. दुसरं कुणी असतं तर घाबरून साहेबांकडे गेलं असतं. थोरलीला भीती वाटायलाही फुरसत नव्हती; ती जळत होती.

"ताई, ते शिवलेल्या पानांचं शिकव ना मला," धाकटी म्हणायची. "धागा कुठला वापरतेस?"

"शिकवायचं काय त्यात?"

"मग निदान पालवीचा साचा घेऊ दे."

"हात लावू नकोस माझ्या कामाला," थोरली म्हणाली. तिचा आवाज इतका कडक आला की धाकटीने हातातला कुंचला खाली ठेवला. तिने खाली मान घालून मेण ढवळायला घेतलं, आणि त्या दिवशी दोघी घरी वेगवेगळ्या वेळी गेल्या.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी थोरली दुपारी खोलीत आली तर धाकटीचं टेबल रिकामं होतं. प्लास्टरचं भांडं जागेवर नव्हतं. मेणाच्या पातेल्याखालची शेगडी चालूच होती. थोरलीने ती बंद केली आणि बोळाकडे गेली.

फळी उघडी होती. आत, जिथून अंग चोरून जायचं, तिथे मुळं एकमेकांना टेकली होती. फट उरली होती ती चार बोटांची. तिच्यातून दमट, गोडसर वास येत होता, कुजक्या फळांचा आणि ओल्या सालीचा.

"आत आहेस का?" थोरलीने विचारलं.

"आहे." आवाज जवळून आला. "ताई, हे मेण नाही गं."

"बाहेर ये."

"येते. थांब जरा."

बोळाच्या भिंतीवर हत्यारं टांगलेली होती. थोरलीने करवत काढली आणि मुळावर टेकवली.

"ताई," धाकटी म्हणाली, "तुझी भिंत."

करवत थांबली. "काय झालं भिंतीला?"

"काही नाही. मी अशी कधी बघितलीच नव्हती. नेहमी पाठ करून काम करत बसते ना मी. त्या ओहोळात उजेड किती थोडा ठेवलायस तू. म्हणून तो खरा वाटतो. दुसऱ्या कुणी चमचम केली असती."

किती वर्षं वाट बघितली होती याची. थोरलीने करवत खाली धरली.

"आणि?" तिने विचारलं.

"आणि ते धुकं. ते कसं केलंस? त्याच्याकडे बघितलं की डोळ्यांना गार वाटतं."

"जवळ जाऊन बघ."

पावलांचा आवाज आला. सुक्या पाचोळ्यावरचा नाही, ओल्या.

"शिवण सापडत नाही, ताई."

"सापडायचीच नाही. जीव काढलाय तिच्यापायी."

"मी चालतेय. अजून जमीनच आहे."

तो देखावा किती खोल आहे हे थोरलीइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. शिवणीपाशी उभं राहून हात लांब केला की भिंत लागायची. तिने तिथेच उभं राहून सगळा रंग भरला होता.

"धनेशाच्या पुढे गेलीस का?" तिने विचारलं.

"गेले. किती मोठा आहे गं तो. पंखांचा आवाज येतोय."

"त्याच्यामागे काय दिसतं?"

"झाडं. खूप झाडं. खोडाशी भिंतींसारखी पसरलेली मुळं आहेत, माझ्याहून उंच. फांद्यांवर शेवाळं, त्यात फुलं. ताई, ही तर सगळ्यांत सुंदर काढलीयस."

मी तिथे काहीच काढलेलं नाही. हे वाक्य थोरलीच्या जिभेवर आलं.

"अजून सांग," ती म्हणाली.

आवाज बारीक होत गेला. हिरव्या उजेडाबद्दल काहीतरी, बेडकांबद्दल काहीतरी. थोरलीने कान फटीला लावला. शब्द न् शब्द तिच्या कामाबद्दल होता, आणि एकही वाया जाऊ द्यायचा नव्हता.

"ताई, हाक मारत राहा हं. म्हणजे मला परत यायला—"

तिने हाक मारली नाही.

हाक मारली असती तर धाकटी वळली असती. वळली असती तर बोलणं थांबलं असतं.

मग ते आपोआपच थांबलं.

थोरलीने करवत चालवली. मुळांतून चीक उडाला, तिच्या हातांवर, तोंडावर. ती आत घुसली. दिवे जळत होते. पाचोळा कोरडा होता. भिंत जिथे असायची तिथेच होती. तिने मुठीने ठोकून पाहिली आणि बोटं सोलून घेतली. खाली प्लास्टरचं भांडं होतं, त्यात दाबलेलं तांबूस पान, आणि प्लास्टर घट्ट होताना गरम होतं तसं ते अजून गरम होतं. शिवणीपाशी धाकटीच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या. घरात शिरताना ठेवतात तशा, एकमेकींना लावून.

शोध झाला. पोलिसांनी दारं तपासली, विहीर नसलेल्या आवारात विहीर आहे का विचारलं, धाकटीच्या मोडलेल्या संसाराची चौकशी केली आणि त्यातच काहीतरी असेल असं ठरवून टाकलं. थोरली सांगत राहिली की ती जेवायला म्हणून बाहेर पडली होती.

आईने रडून झाल्यावर एकच विचारलं. "शेवटचं काय बोलली तुझ्याशी?"

"माझी भिंत छान झालीय म्हणाली."

"ते तर ती रोज म्हणायची," आई म्हणाली. "तुझ्या तोंडावर म्हणायची लाज वाटायची तिला. ताईपुढे मी काय बोलणार, म्हणायची. मला सगळी पाठ आहे तुझी भिंत. डावीकडे ओहोळ. वर ढगातली झाडं. उजवीकडे धनेश." आंधळ्या डोळ्यांनी ती समोर बघत होती आणि एकेका जागी बोट ठेवत होती, आणि बोट बरोबर जागी पडत होतं.

त्यानंतर काही दिवस थोरली रोज देखाव्यात शिरायची आणि भिंतीला तोंड लावून हाक मारायची. आधी हळू, मग मोठ्याने. रंगाला तिच्या श्वासाचा वास यायला लागला. उत्तर आलं नाही, आणि मेणाच्या पानांवरही काही नवं आलं नाही. लोंबणारी पालवी ताठ झाली, हिरवी झाली आणि बाकीच्यांत मिसळून गेली. कापलेली मुळं काकांनी कापड चढवून जोडून दिली. दालन उघडायचा दिवस आला.

लोक आत आले आणि काचेपुढे थांबले. पानांकडे कुणी पाहिलं नाही. काकांच्या धनेशाकडेही नाही. सगळे थेट भिंतीकडे बघत होते. जे थांबले ते हलेनात. मागचे पुढच्यांना ढकलू लागले.

"थोरल्या बाई," साहेब तिच्या कानाशी म्हणाले, "बघा. भिंत बघतायत सगळे."

थोरलीने बघितलं. तिने आयुष्यभर लोकांना चित्रं बघताना पाहिलं होतं. चित्र बघणाऱ्याची नजर फिरते. यांची फिरत नव्हती. माना किंचित पुढे, डोळे बारीक, लांबच्या वाटेवर ओळखीचं माणूस दिसतंय की काय असं बघावं तसे ते बघत होते, सगळे एकाच जागी. धनेशाच्या मागे, धुक्यात. भिंत त्यांना दिसतच नव्हती. ते तिच्यातून पलीकडे बघत होते, आणि पलीकडे कोण होतं ते थोरलीला ठाऊक होतं.

म्हणजे आतासुद्धा तीच.

दुसऱ्या सकाळी दालन उघडायच्या आत थोरली रंग घेऊन आत गेली. आपण काय करतोय हे तिला चांगलं कळत होतं. हाक मारत राहा, असं जिने सांगितलं होतं, तिच्या वाटेच्या तोंडाशी तिने पानं रंगवली. रुंद, जाड, गर्द हिरवी, एकावर एक, लांबलेल्या निमुळत्या टोकांची. धुक्याचा एक ठिपकाही उरू दिला नाही. हात स्थिर होता. ती पानं तिच्या आजवरच्या कामातली सगळ्यांत चांगली उतरली, आणि ते तिला रंगवतानाच समजलं.

त्या दिवशी लोकांनी देखावा बघितला, पानं बघितली, पक्षी बघितले आणि पुढे गेले. थोरलीने मनाशी म्हटलं, संपलं.

रंग वाळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ती काचेपुढे आली तेव्हा दालनात कुणी नव्हतं. तिने रंगवलेल्या पानांपैकी सगळ्यांत पुढचं, सगळ्यांत मोठं पान सरळ खाली लोंबणारं काढलेलं होतं. ते आता डावीकडे कललेलं होतं, कडेला किंचित दुमडलेलं, पलीकडून कुणीतरी हाताने बाजूला धरावं तसं. मधे बोटभर धुकं दिसत होतं.

थोरली संध्याकाळपर्यंत तिथे उभी राहिली. पान परत जागेवर आलं नाही. धरलेलं होतं ते तसंच धरलेलं राहिलं.